हलका हात

परभणीहून निघालो तेव्हा पेटीत बर्फ चार किलो,
उंबरटाकळीच्या शाळेत पोचलो तेव्हा
निम्मं पाणी.

चौथीच्या वर्गात, फळ्याखाली टेबल मांडलं.
फळ्यावर कालचा पाढा तसाच :
तेर नवे सतरोदरशे.
तीनशे चाळीस माणसं, तीनशे चाळीस नळ्या.
नाव वहीत, नळीवर फक्त नंबर.
साहेबांनी बजावलेलं, नंबराला चेहरा लावायचा नाही.

द्रौपदाबाई गिरींनी बाही वर सारली,
दंडावर हिरवं गोंदण, अर्धं सुरकुत्यांत गेलेलं.
“रगात नेऊन इकतोस का काय रे?”
मागून अन्सारबी म्हणाल्या, “काविळीला माळ घालावं बाबा,
गुडघ्याला लागली की उतरती.”
मी सांगत बसलो, ही ती नव्हे.
हिच्यात डोळे पांढरेच राहतात,
भूक लागते, काम होतं,
आणि आत, उजव्या बरगडीखाली,
बिनबोलावता आलेला कुणीतरी
वीस-वीस वर्षं मुक्काम करतो.

द्रौपदाबाई ऐकत नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या.
“तू ग्यानोबा कंपाउंडरचा ना?
काय हात होता रे तुझ्या बापाचा.
सुई आत गेल्याली कळतच नव्हती.”

•

प्रयोगशाळेत एका ताटलीला शहाण्णव खळगे.
शेवटचा थेंब पडला की
ज्यात काही नाही ते पाण्यासारखे राहतात.
ज्यात आहे
ते पिवळे होतात.
डोळ्यांत जे कधी उतरलं नाही
ते इथं, प्लास्टिकच्या खळग्यात, हळदीसारखं.

तीनशे चाळिसांत एकोणीस.
शेकडा साडेपाचच्या थोडं वर.
पंचविशीच्या आतला एक.
पन्नाशीच्या पुढचे चौदा.

चौदा.
मी वही उघडली. उघडायची नव्हती.

•

ॲल्युमिनियमची डबी, काचेची सिरिंज, सुया तीन.
स्टोव्हला पिन मारायचं काम माझं.
“बुडबुडे आले की काढ,” बाप म्हणायचा.
ओसरीवर हिवतापाची रांग लागली
किंवा रॉकेल संपत आलं
की बुडबुड्यांच्या आधीच म्हणायचा, “काढ.”
मी काढायचो. आठ वर्षांचा होतो.
चिमट्यात सुई धरून फुंकर मारायचो,
निवावी म्हणून.

पैसे कुणी दिले, कुणी नाही.
कुणी शेंगा आणून ओतल्या, कुणी नुसते हात जोडले.
रात्री-अपरात्री, भर पुरात, खांद्यावर डबी घेऊन गेलेला माणूस.
कितीजण त्याच्यामुळे जगले
त्याची कुणी पाहणी केली नाही.

शेवटी त्याचं पोट फुगलं, पाय सुजले.
गाव म्हणालं, चोरून पीत असणार.
आईनं पोराच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं,
थेंब शिवला नाही.
माझ्याच डोक्यावर ठेवला होता तो हात.
तरी मलाही
पुरतं खरं वाटलं नव्हतं.

त्याची नळी माझ्याकडे नाही.
त्याचा नंबर नाही.

अहवालात एक रकाना असतो : संभाव्य कारणे.
मी लिहिलं, पूर्वीची असुरक्षित इंजेक्शने.
साहेब म्हणाले, वा, नेमकं.

•

दुसऱ्यांदा गेलो तो बंद पाकिटं घेऊन.
द्रौपदाबाईंना बाजूला घेतलं, सांगितलं :
घाबरायचं नाही, अजून एक तपासणी,
लागली तर रोज एक गोळी,
सुनेला, नातवाला लस.
“कशानं झालं म्हणं?”
मी म्हणालो, जुनं आहे.
जुनं आहे, एवढंच म्हणालो.

त्यांनी दंड पुढं केला, तोच, गोंदणाचा.
“काढ. तुझा बी हात हलकाच असंल.”

मी नवी सुई घेतली.
पाकीट फाडताना, कागदाचा आवाज
त्यांना नीट ऐकू जावा म्हणून,
जरा सावकाश फाडलं.