प्रश्न सातवा

अप्पा बळवंत चौकातल्या बाइंडिंगवाल्यानं विचारलं,
सोनेरी अक्षरं हवीत की साधी,
आणि तय्यब म्हणाला, सोनेरी,
आयुष्यात एकदाच.
काळं कव्हर, वर सोन्यात:
‘प्रभागाचे अंदाजपत्रक व नागरिकांचा सहभाग’.
सहभागातला भ जरा घासलेला.
तीन प्रती, सातशे वीस रुपये. माझे तीनशे अजून द्यायचेत.

आत साठ घरं आहेत,
दांडेकर पुलापासून कालव्याच्या कडेकडेनं
जानेवारीच्या चार रविवारी हिंडून आणलेली.
प्रत्येकाला क्रमांक दिलाय, नाव नाही.
तसं करायचं असतं.

पहिले सहा प्रश्न सोपे होते:
वय, शिक्षण, नळाला पाणी किती वाजता.
लोक बोलायचे. पाण्यावर तर थांबवावं लागायचं.
सातव्यापाशी आलं की
पेन उगाच जड व्हायचं.
‘अंदाजपत्रक ठरवताना
आपले मत विचारात घेतले जाते, असे वाटते का?’
होय. नाही. सांगता येत नाही.

क्रमांक अकरा हसली, आणि कुकर बंद करायला आत गेली.
सव्वीसनं नवऱ्याकडे पाहिलं,
नवऱ्यानं टीव्हीकडे.
एकोणचाळीस, म्हणजे यास्मिनभाभी,
(नाव लिहायचं नाही, विसरतेच मी)
म्हणाली, आधी हे सांग, तू कुणाच्या पार्टीची?
कॉलेजची, म्हटलं.
मग लिही काहीही.
क्रमांक पन्नास रात्रपाळीचा वॉचमन, डोळे चोळत म्हणाला,
गटाराचं झाकण मागितलं होतं, तीन वर्षं झाली.
आता हे होय की नाही
तूच ठरव, शिकलेली आहेस.

मी ठरवलं नाही.
तिसऱ्या चौकटीत खूण केली.
साठांतले चौतीस त्या चौकटीत.

देवस्थळी मॅडम म्हणाल्या, अगं,
निम्म्याहून जास्त लोकांना सांगताच येत नसेल
तर निष्कर्ष कशावर उभा करणार?
ते बाजूला काढ, उरलेल्यांची टक्केवारी घे.
काढून पाहिलं एका रात्री.
सव्वीस माणसं उरली, नऊ होय, सतरा नाही.
तक्ता फार सुंदर दिसत होता.
पहाटे सगळ्यांना परत आत घेतलं.
तय्यबनं रंग विचारला. राखाडी, म्हटलं.

दुसरा मजला, खोली एकवीस.
प्रोजेक्टर सगळंच निळसर दाखवायचा,
राखाडीसुद्धा आभाळ वाटत होतं.
बाहेरून आलेल्या घारपुरे सरांनी
चहात बिस्किट बुडवलं,
ते तुटून पडेपर्यंत स्लाइडकडे बघत राहिले.
मग म्हणाले, हा एवढा मोठा तुकडा कसला?
या लोकांना माहीत नाही,
की बोलायचं नाही,
की तुम्हीच नीट विचारलं नाही?

सगळं पाठ होतं. प्रकरण दुसरं, संशोधन पद्धती,
मर्यादा, एक ते पाच.
तोंड उघडलं आणि आलं:
सर, सांगता येत नाही.

वर्ग फुटला. तय्यब लॅपटॉपमागे दिसेनासा झाला.
मॅडमनी पंख्याकडे पाहिलं.
सर हसले नाहीत.
आणि मी माझाच आवाज ऐकत होते,
शेवटच्या शब्दाला तो तसाच खाली गेला होता,
कुकरकडे वळणाऱ्या बाईसारखा.
हे उत्तर देताना पुष्कळ काही कळत असतं, तर.
समोर कोण बसलंय, हे सगळ्यात आधी.

हे कुठं लिहिलंय का? सरांनी विचारलं.
नाही.
लिहा मग.
पण बाइंडिंग झालं होतं.

तिसरी प्रत माझी. शेवटी एक कोरं पान असतं,
बाइंडिंगवाला घालतो, का कोण जाणे.
संध्याकाळी पुलाच्या स्टॉपवर, बस येईतो,
मांडीवर घेऊन पेन्सिलीनं लिहिलं:
मर्यादा क्रमांक सहा.
पुढचं सुचेना.
पलीकडून वॉचमन ड्यूटीवर निघाला होता, हातात डबा,
उघड्या गटाराला
न बघता वळसा घालत.