उ लांब धरायचा

चाळकेवाडीच्या सड्यावर, गेटापाशी,
वॉचमन रंगूनं वहीत लिहिलं : तुळसाबाई.
गाव : फिनलंड. काम : पंखा नंबर एकेचाळीस.
ती हसली. पेन घेतलं, पण खोडलं नाही.
बोट वर करून पात्याकडं दाखवलं
आणि गाल फुगवून
फुंकर मारली रंगूच्या तोंडावर.

वारं.
बाईमाणसाचं नाव, वारं.

मेसची चूल माझी, तिचं जेवण माझ्याकडं.
मी हाक मारायची, तुली, ये गं, भाकरी निवतीय.
तिसऱ्या दिवशी दुभाष्या पोरगा म्हणाला,
मावशी, उ लांब धरा.
आखूड म्हटला की त्यांच्यात त्याचा अर्थ विस्तू.
माझ्या हातात फुंकणी.
म्हटलं, मग चुकलं कुठं?
वारं घातल्याबिगर विस्तू धरतोय व्हय?

कुणी ठेवलं असलं नाव, विचारलं.
आईनं. आजी रुसलेली म्हणे,
चर्चच्या वहीत नाही, कुठल्या संताचं नाही,
हवापाण्याची कसली नावं?
पण त्या रात्री तळ्यावरचा बर्फ फुटत होता,
दार सारखं आपटत होतं,
आईला दुसरं काही सुचलंच नाही.

आणि तिच्या बोलीत तो आणि ती नाहीच.
बापाला, आईला, रंगूला, मला
एकच शब्द.
मी दिवसभर भांडी घासताना तेच घोळवत बसले.

आमच्याकडं वाऱ्याला कामं फार.
अंगात येतं ते वारं.
वासरू पितं ते वारं.
नांदत्या बाईला सोडून देतात, तेही त्याच्यावरच.
आणि पाऊस गेला त्या साली
खालच्या गावची माणसं दगड घेऊन चढली होती,
की ह्या पंख्यांनीच ढग हाकलले.
हे तिला नाही सांगितलं.

तिनं विचारलं, तुझं?
कोंडाबाई.
माझ्याआधी तीन गेली.
चौथीला सोन्यासारखं नाव ठेवलं तर सटवीची नजर जाणार,
म्हणून कोंडा.
दुभाष्याला शब्द सापडेना.
मग मीच सूप उचललं, नाचणीचं,
दाराबाहेर उभी राहिले
आणि डोक्यावरून सोडलं.
दाणा पायाशी.
बाकी सगळं उडालं
तिच्या केसांत, पांढुरक्या भुवयांवर,
आमटीच्या वाटीत.

ती झटकेना.
तशीच जेवली.

दसऱ्याआधी गेली.
वहीत अजून तुळसाबाईच आहे,
जाण्याची वेळ रंगूनं लिहिलीच नाही.
एकेचाळीस नंबर आता कुरकुरत नाही.
कधी तिन्हीसांजेला, आसपास कुणी नसलं की
मी सड्याकडं तोंड करून हाक मारून बघते,
उ लांब धरून, अजून लांब.
दम पुरत नाही.
मधेच विस्तू होतो.