ब्रुसार्डनंतर

यादी माझ्या हातात होती.
एकशे बारा नावं, एकावर आडवी रेघ,
समासात मुख्याध्यापकांचं बारीक अक्षर:
काळी पँट घालून आला तरच.

आला.
चार वर्षं माझ्या वर्गात
आली, बसली, जांभया दिल्या, वही विसरली ती.

मुलींना पांढरा ड्रेस, पांढरे बूट.
मुलांना काळी पँट, काळे मोजे, टाय.
आणि वरून सगळ्यांना एकच निळा झगा, घोट्यापर्यंत.
आतलं दिसणारच नव्हतं कुणाला,
तरी जिमच्या दारात कोच खुर्ची टाकून बसलेले,
'चार बोटं वर घे बघू.'

खान्हनं ड्रेस घेतला होता
मिसिसिपीच्या किनाऱ्यावर उन्हाळाभर
कोळंबीसाठी बर्फ फोडून.
कड बापानं टाचली,
जाळ्याला मारतात त्या गाठीनं.
नाव आजीनं ठेवलेलं, व्हिएतनामी,
मुलाला चालतं, मुलीलाही.
घरात त्यामुळे काहीच बदलावं लागलं नव्हतं.

संध्याकाळी माइकसमोर मी.
ॲडम्स. बेलिव्हो. ब्रुसार्ड.
इथे बुई.
मला म्हणायचं होतं केडी.

मी थांबले.
धाडस नव्हतं ते, आधीच सांगते,
घसा कोरडा पडला होता.
तेवढ्यात सगळ्यात वरच्या रांगेत
एक माणूस उभा राहिला,
इस्त्रीचा शर्ट, हातात टोपी.
रंगीत तालीम बघून गेला होता तो,
ब्रुसार्डनंतर कोण, त्याला पाठ होतं.
बोलला नाही. नुसता उभा.
मागून कुणीतरी म्हणालं, बसा हो, दिसत नाही.

मी केडी म्हटलं.
मग पुढची सगळी नावं, एकेक.
यंगब्लडपर्यंत तो बसला नाही.

मंगळवारी पाकीट घेऊन धक्क्यावर गेले.
पोस्टानं जाणार होतं, मीच मागून घेतलं.
ती डेकवर, मळका टी-शर्ट,
गुडघ्यापर्यंत पांढरे रबरी बूट.
तिथे सगळ्यांचेच तसले,
बापाचे, शेजारच्या बोटीवरल्या बाईचे,
डिझेल भरणाऱ्या पोराचे.

'बाई, हे चालले असते?'

मला हसू आलं नाही. तिला आलं.

पाकीट ओलं होऊ नये म्हणून
तिनं हात पाठीवर पुसले.
वर नाव छापलेलं होतं, नीट, पूर्ण.
मी ते मोठ्यानं वाचलं,
इंजिनाच्या वर आवाज काढून.

'ऐकू नाही आलं,' ती म्हणाली.

आलं होतं तिला.