दिवा बंद असल्याबाबत

तपोवनात, खांब क्रमांक तीनशे बाराखाली
ते आपोआप उगवलं.
गेल्या साली साधूंचे तंबू उठले,
धुनीची राख डंपरने नेली,
चिलीम झटकताना उडालेलं एखादं बी
मुरमात पाय रोवून बसलं असणार.

मी महापालिकेचा वायरमन.
मला कळतो चोक, इग्नायटर, जळका होल्डर,
आणि शिडी कुठे टेकवायची ते.
नागपंचमीला ते कमरेला लागलं, पोळ्याला छातीला.
पानांच्या काठाला करवतीचे दात.

हौसाबाई धात्रक तिथं शेळ्या चारते.
म्हणाली, "मादी आहे. पण धड फुलायची नाही.
तुझा दिवा तिला रात्र होऊ देत नाही."

मी हसलो. मग वाकून पाहिलं.
कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फलकाची सावली
ज्या फांद्यांवर पडायची
तिथं सांध्यासांध्याला दोन दोन पांढरे केस फुटलेले.
उजेडातली बाजू नुसती पानं काढत होती,
रात्रपाळीच्या माणसासारखी
जागी,
आणि कशातच नाही.

भाद्रपद सरता सरता दिवा गेला.
खरंच गेला. मी काही केलं नाही.
म्हणजे दुरुस्तही केला नाही.
तक्रार आली : निकुंभ, निवृत्त मुख्याध्यापक.
पुन्हा आली. तिसऱ्यांदा आली, लाल शाईत.
मी शेरा मारला : सामान उपलब्ध नाही.
सामान माझ्या डिकीत होतं.

नवरात्रात शेंड्यांवर मंजिरी धरली,
तुळशीला धरते तशी,
पण हिला कुणी हात जोडत नाही.
कोजागिरीला माझा जीव वरखाली,
चंद्रही दिवाच की.
त्याची नोंद कुठल्या रजिस्टरात करायची?

वसुबारसेला ढग आले.
ओझरचा मेव्हणा फोनवर
डावणीला शिव्या घालत होता, बागेत फवारा कितवा ते सांगत होता.
मी हं हं म्हणत
काठीनं एकेक तुरा हलवून
आतलं पाणी झाडत होतो.
मग आख्खं नाशिक चार दिवस पणत्या, माळा, आकाशकंदील,
आणि उजेडाचा पगार खाणारा मी
एका अंधाराला राखण.

वास सुटला. कैरी, रॉकेल, बोकड,
तिन्ही एकदम.
बायकोनं गणवेश हुंगला : "कुठल्या गटारात उतरला होता?"
बीटवरचा जमादार एका रात्री गाडी थांबवून उतरला,
माझं काळीज खांबावर चढलं.
तो तिच्या बुडाशी लघवी करून,
बटणं लावत, शीळ घालत गेला.

"नर नाही ना आसपास," हौसाबाई म्हणाली,
"म्हणून बी धरत नाही.
ते केस म्हणजे हात आहेत तिचे, वाऱ्यात पसरलेले.
कुणी येत नाही,
तसतसा चीक वाढतो."
असं म्हणून तिनं बोटं चोळली,
सुटेनात. पदराला पुसली, पदरही चिकटला.
केस तांबूस होत चालले होते,
थंडीनं पानांचे देठ जांभळे.

तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी गेलो
तर बुंधाच.
तिरका, एका घावातला, सरावलेल्या हाताचा.
भोवती एक पान सांडलेलं नाही.
शेळ्यांच्या लेंड्या तेवढ्या, ताज्या.

दोन दिवस हौसाबाई दिसली नाही.
तिसऱ्या दिवशी आली ती नवी चप्पल घालून,
आणि आल्या आल्या माझ्यावरच :
"दिवा लाव की रे आता.
अंधारात शेळ्या मोजता येत नाहीत."

मी विचारलं नाही.
शिडी टेकवली. चौदा मिनिटांचं काम.
पिवळा उजेड बुंध्यावर पडला,
किडे कुठून कुठून जमले.
रजिस्टरात बिघाडाचं कारण लिहायचा रकाना असतो.
चोक जळाला, असं लिहिलं.
सही केली, तर पेन
बोटाला चिकटलं.