उणे ऐंशी

भिंतीवर सहा बाण आहेत, डावीकडून उजवीकडे.
वरची माणसं त्याला पाइपलाइन म्हणतात.
मी बावीस वर्षं कागदगिरणीत पाइपच जोडले,
म्हणून सांगतो,
ज्यातून अजून थेंबही बाहेर आलेला नाही
त्याला आम्ही पाइप म्हणत नसू.

गिरणी बंद पडली. आता इथे,
कुओपिओच्या तळ्याकाठी, तळघरात
चार फ्रीझर सांभाळतो. उणे ऐंशी.
दर दोन तासांनी आकडा वहीत.
तिथून निघून घराकडे चालू लागलो
की जानेवारी अंगाला उबदार लागतो.

तिसऱ्या फ्रीझरच्या दुसऱ्या कप्प्यात
के-दोनशे सतरा.
टूलिक्कीने घडवला तो,
दोनशे सोळा वेळा हात पोळून घेतल्यावर.
एकशे चाळीस पाण्यात विरघळेना,
एकशे नव्वद यकृताला झोंबला,
दोनशे अकरा उंदरांना मानवला, कुत्र्यांना नाही.
जेवणाच्या सुट्टीत ती हे असं सांगायची
जसं कुणी घरातली गेलेली माणसं मोजावीत,
बोटांवर, सूप गार होईस्तोवर.

मग ओसाकाहून स्थळ आलं.
तिघेजण, काळे कोट, बुटांवर बर्फ.
बैठक झाली, याद्या झाल्या :
रेणू आमचा, पैसा त्यांचा,
पहिला टप्पा पार पडला तर इतके,
दुसरा पडला तर तितके,
औषध दुकानात पोचलं तर शेकडा अमुक.
देण्याघेण्यावरून रात्री अकरापर्यंत खोलीत दिवे.
त्यांच्यातले हामागुची तळघरात उतरले
आणि तिसऱ्या फ्रीझरसमोर कमरेत वाकले.
मीही वाकलो. दुसरं काय करणार.

एकोणीस मुलं होती त्या चाचणीत.
निल्सियाचा एली त्यांतला एक,
वय नऊ, नजर कडेकडेने विझत चाललेली,
आता मधोमध एक बशीएवढी उरलीय.
त्याची आई दर डिसेंबरला
राईच्या पारीतल्या भाताच्या करंज्या आणायची,
अख्ख्या मजल्याला पुरतील इतक्या.
कुणाला औषध, कुणाला साखरेची गोळी,
हे तिला ठाऊक नव्हतं. आम्हालाही नव्हतं.

निकाल आला : शून्य पूर्णांक शून्य आठ.
शून्य पाचच्या आत हवा होता.
मी टूलिक्कीला विचारलं, म्हणजे काही झालंच नाही का?
ती म्हणाली, झालं असेल.
असेल, यावर कुणी पैसे लावत नाही, वेइयो.

ओसाकाचं पत्र सतरा पानांचं होतं.
पानोपानी आभार, आणि बाराव्या पानावर काडीमोड.
हामागुचींची सही नव्हती.
सोमवारी भिंतीवर नवा तक्ता लागला :
पाच बाण, जरा जाड केलेले,
जागा रिकामी दिसू नये म्हणून.
टूलिक्की आता चीजच्या कारखान्यात
बुरशीचे प्रकार तपासते. पगार बरा आहे म्हणे.

पण नियम असा, की नमुने पंधरा वर्षं जपायचे,
पास झालेल्यांचे, नापासांचेही.
तेव्हा के-दोनशे सतरा तिथेच आहे, तेवढ्याच थंडीत,
आणि मी सात वर्षांनी निवृत्त होणार.
पुढची वही कुणाच्या हातात, देव जाणे.

काल एलीची आई आली. करंज्या घेऊनच.
आता कशाला, असं कुणी म्हणालं नाही.
पोरगा म्हणाला, मला ते बघायचंय.
नियमात बसत नव्हतं. नेलं.
दार उघडलं, पांढरी वाफ त्याच्या बुटांवर सांडली.
त्याने मान वळवून वळवून
त्या बशीएवढ्या नजरेत एकेक कप्पा बसवला.
मग मी दार लावलं. त्याने पत्र्यावर तळहात ठेवला,
आतली घरघर ऐकली, म्हणाला,
चालू आहे ना अजून?
चालू आहे, म्हणालो.
फ्रीझरबद्दलच म्हणालो.

ते गेल्यावर वही उघडली.
उणे एकाहत्तर.
शेजारी रकाना असतो, फरकाचं कारण.
पेन गारठलेलं, दोनदा झटकावं लागलं.
लिहिलं : पाहुणे.