समाईक रेलिंग

मानेवाड्याच्या त्या बिल्डिंगीत, तिसऱ्या मजल्यावर
चार दारं, एक गॅलरी आणि एकच रेलिंग,
जिन्यापासून पाण्याच्या पाइपापर्यंत.
मीटर चार, दिवे चार.
ज्याने त्याने आपापल्या दारासमोर
आपापला दिवा क्लॅम्पने आवळलेला.
लोखंड मात्र सगळ्यांचं.

फोन पौनीकर काकूंचा होता :
"पोरी, ओला टॉवेल टाकाले गेली
तं हात असा झिणझिणला,
जसं आतून कोणी बोट धरलं."

कधीपासून, विचारलं. कोणालाच आठवेना.
निमजे सर म्हणाले, आमचा दिवा कंपनीचा आहे.
डोरले वहिनींनी तर बिलच आणून दाखवलं.
चिनू म्हणाली, मले तं मजा येते,
मी रोज शाळेतून आली की हात लावते.
तिच्या आईने तिला मागे ओढलं
आणि पहिल्यांदाच सगळे गप्प झाले.

मी संध्याकाळची वाट पाहिली.
डावा हात पाठीमागे, कमरेवर,
ही आयटीआयपासूनची सवय.
मीटरची एक पिन रेलिंगला, दुसरी अर्थला.
चौऱ्याऐंशी.
काकूंचा दिवा काढला, चौऱ्याऐंशी.
सरांचा काढला. वहिनींचाही.
चौऱ्याऐंशी.

उरला ३०३.
सहारे आजींना मुलाने भिलाईला नेलं
त्याला दोन वर्षं झाली.
घर रिकामं वाटू नये म्हणून
अंधार पडला की आपणहून पेटणारा दिवा
तो लावून गेला होता.
बंद दारासमोर तो इमानदारीने पेटत होता
आणि वरच्या मजल्याच्या कूलरचं पाणी
त्याच्या भेगाळलेल्या रबरातून
थेंब थेंब आत जात होतं.

मग सुरू झालं, पैसे कोण देणार.
कूलरवाला? भिलाईवाला? सोसायटी?
मी शिडीवर होते. मला खालून फक्त टकलं दिसत होती
आणि सरांची हलणारी तर्जनी.

रेलिंगही वरूनच एक होतं.
खरडायला घेतलं तर पाच तुकडे,
सांध्यांवर रंगाचे थर, आधी हिरवा, मग चॉकलेटी,
मग कुणाच्या तरी लग्नातला रुपेरी.
लोखंड चमकेपर्यंत खरडलं.
तुकड्याला तुकडा, दिव्याला रेलिंग,
हिरवी-पिवळी वायर, दात्यांचे वॉशर, घट्ट नट.
"याने काय होईल?" सरांनी विचारलं.
बिघाड कुणाचाही असो, सर,
शेजारच्या दोन लोखंडांत फरक राहणार नाही.
फरक नसला की झटका नसतो.
आणि ज्याचा दिवा बिघडेल
त्याच्याच घरात अंधार होईल,
हे छोटं बटण पडेल.
सर बराच वेळ त्या बटणाकडे पाहत राहिले.

पण वायर शेवटी जाते कुठे?
खाली, स्कुटरींच्या मागे, एका झाकणाखाली,
ज्यावर कुणीतरी कुंडी ठेवलेली होती.
मे महिन्यात इथली काळी माती
पाइपाचा हात सोडून देते,
बोट जाईल एवढी फट होती.
मीठ टाकलं, कोळसा टाकला, बादली ओतली.
मातीने घटघट आवाज केला,
लग्नातून परतलेल्या माणसासारखा.

वर येऊन ओला हात ठेवला रेलिंगवर,
आधी उलटा, मग सुलटा,
मग कमरेवरचा डावाही.
चिनूने पण ठेवला. चेहरा पडला तिचा.
"आता तं काहीच नाही होत."

मीटरच्या पेटीवर मार्करने लिहून आले :
उन्हाळाभर, दर रविवारी, एक बादली.
३०१, ३०२, ३०३, ३०४.
काकू म्हणाल्या, ३०३ त कोणीच नाही ना वं.
लिहिलंय तसंच राहू द्या, म्हटलं.

पुढच्या महिन्यात त्या रस्त्याने जाताना पाहिलं,
रविवार होता, ऊन अजून चढायचं होतं,
चिनू दोन्ही हातांनी बादली ओढत
स्कुटरींच्या मागे चालली होती.
"झाड आहे का तिकडे?" रद्दीवाल्याने विचारलं.
"नाही," ती म्हणाली,
"सहारे आजीचा नंबर आहे."