तेरावी थाप

सिल्व्हर्टनहून पहाटे निघालो तेव्हा
वेंडेलच्या ट्रकचा हीटर फक्त माझा उजवा पाय शेकत होता.
रेडिओवर हिमलोटाचा धोका: मध्यम.
मध्यम म्हणजे किती, ते रेडिओ सांगत नाही.
वेंडेलनं तीस हिवाळे घाटातला बर्फ उपसलाय.
आकाशाकडे तो बघत नाही.
म्हणतो, वरचं सगळ्यांनाच दिसतं.

झाडं संपतात तिथे स्की काढून खड्डा खणला,
छातीइतका, एक भिंत ताशीव.
हातमोजा काढून त्यानं बोट वरून खाली आणलं:
हे परवाचं वादळ, मूठ सहज शिरते.
ही वाऱ्यानं थापलेली फळी, इथे एकच बोट.
हा जानेवारीतल्या उन्हाचा पापुद्रा.
आणि तळाशी, जमिनीला लागून,
ऑक्टोबरपासून पडून असलेली
साखर.

तो शुगर म्हणाला, मी साखर ऐकलं.
भिंगाखाली धरली: कोरडे, कोनदार दाणे,
एकमेकांना ओळख न देणारे.
साखरवाडीच्या कारखान्यात बाबा
काचेच्या पट्टीवर नमुना घेऊन
असाच एक डोळा मिटून बघत.
दाणा सुटा हवा, म्हणत. चिकटला की माल गेला.
बाबा, इथे उलटं आहे.
इथे सुटा दाणाच माणसाला गिळतो.

मग बर्फाचा खांब कापला, फावड्याएवढा रुंद.
वर फावडं पालथं, फावड्यावर हात.
मनगटातून दहा थापा. काही नाही.
कोपरातून. अकरा. बारा.
तेराव्या थापेला
वरचा अख्खा ठोकळा सरकला,
सुरीनं कापावा तसा सरळ,
आणि माझ्या मांडीवर येऊन बसला.

समोरचा उतार अडतीस अंशांचा.
एक ओरखडा नाही त्यावर.
नोव्हेंबरपासून भांडी घासताना खिडकीतून बघत होते,
वळणंसुद्धा ठरवून ठेवली होती: सात डावी, सात उजवी.
म्हटलं, कडेकडेनं गेलो तर?
खांब एकाच जागचा. दहा पावलांवर निराळं असेल.
वेंडेल थर्मासचं झाकण फिरवत राहिला.
तेवढ्यात पायाखाली डोंगर
धप्प
बोलला. एकदाच. पोटातून.
चाळीस पावलांवरचं एक लहान झाड हललं.
वारा नव्हता.

चढलो त्याच चाकोरीतून उतरलो,
झाडाझाडांतून, गुडघे दुखवत,
न बोलता. मी जरा रागातच.

दुसऱ्या दिवशी डुरँगोची दोन पोरं
तोच उतार शेंड्यापासून उतरली.
काही झालं नाही.
कॉफीच्या दुकानात हसत होती, कान लाल, भुवयांवर दव.
वेंडेलला विचारलं, म्हणजे आपण चुकलो?
मला काय विचारतेस, म्हणाला.
मी तिथे नव्हतो.

भांडी घासताना अजून बघते.
त्यांची वळणं अकराच भरली, वेडीवाकडी.
आता त्यांच्यावर नवा बर्फ पडतोय,
हळूहळू,
वजनाचा हिशेब कुणालाच न देता.